लहान दोषाची मोठी कसोटी

१/ आजच्या पालघर जिल्ह्यात, तारापूरला, १९६९ साली देशातले पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. शेजारीच बोईसरची औद्योगिक वसाहत. अशा वसाहतींतील रोहित्रे राखणाऱ्या उच्चदाब फ्यूजची खरी कसोटी लहान दोषप्रवाहात लागते.

२/ वाळूत गाडलेली चांदीची पट्टी प्रचंड प्रवाहात अनेक ठिकाणी एकदम वितळते आणि आर्क विझतो. प्रवाह कमी असेल, तर ती सावकाश तापून एखाद्याच ठिकाणी तुटते. आर्क जळत राहतो, फ्यूज फुटू शकतो.

३/ १९३९ मध्ये ए. डब्ल्यू. मेटकाफ यांनी कथिलाचा परिणाम उलगडला. चांदी ९६१ अंशांना वितळते, कथिल २३२ अंशांना. वितळलेले कथिल चांदीला विरघळवते, पट्टी लवकर तुटते. आर्क विझवणे तरीही उरतेच. म्हणून अनेक रचनांत फ्यूजमधून उसळणारी खीळ तिन्ही फेजचा स्विच उघडते.