कोनाड्यातले देव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मागच्या वर्षी कोल्हापुरातलं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं. भांडीकुंडी, कपाटं, माळ्यावरच्या ट्रंका यांची वाटणी एका दुपारी उरकली. आम्ही तिघं भावंडं, भांडायचं वय केव्हाच मागे पडलेलं. अडलं ते एकाच ठिकाणी. माजघराच्या भिंतीतल्या कोनाड्यात आमचे देव होते. चांदीचे पाच टाक, पितळी बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम आणि घासून घासून नाकडोळे गेलेला एक गणपती. आई होती तोवर त्यांच्याकडे वेगळं लक्ष द्यावं असं कुणाला वाटलं नव्हतं. ती गेली आणि महिन्याभरात टाक काळवंडले. थोरल्या भावाच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, बहिणीच्या सासरी आधीच मोठा देव्हारा. राहिलो मी. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पूजेला मात्र कधी बसलो नाही.

भाचीनं सरळ विचारलं, ‘‘मामा, नदीकाठच्या पिंपळाखाली ठेवून आलो तर? लोक ठेवतातच की!’’

मला उत्तर देता आलं नाही. इतिहासाच्या मास्तरला उत्तर सुचलं नाही, की तो मागे जातो. मीही गेलो, आणि अंमळ लांबच गेलो.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि इटलीतलं पॉम्पेई शहर राखेखाली गाडलं गेलं. माणसं मेली, पण त्यांची घरं राखेनं जपून ठेवली. १७४८ साली तिथं उत्खनन सुरू झालं, आणि पुढे घरामागून घरात एक गोष्ट सापडत गेली. कुठे स्वयंपाकघरात, कुठे चौकात, भिंतीत एक कोनाडा. श्रीमंताघरी त्याला छोट्या देवळासारखी खांबांची चौकट, गरिबाघरी नुसतं भिंतीवर रंगवलेलं चित्र. त्याला आज लॅरेरियम म्हणतात. लारेस म्हणजे घराचे राखणदार देव, पेनातेस म्हणजे कोठीचे देव, आणि जीनियस म्हणजे घरधन्याचं सत्त्व. वेत्ती नावाच्या कुटुंबाच्या घरातला असा देव्हारा फार प्रसिद्ध आहे. मधोमध अंगवस्त्र डोक्यावरून घेतलेला जीनियस, दोन्ही बाजूंना हातात शिंगाचे पेले घेऊन नाचणारे लारेस, आणि खाली वेदीकडे सरपटत येणारा तुरेवाला नाग.

या देवांचं मागणं फार नसे. जेवणातला घास, थोडा धूप, थोडं मद्य, फुलांचा हार. केटो हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला कडक शिस्तीचा रोमन. त्याने शेतीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात मुकादमाच्या बायकोलाही कामं नेमून दिली. महिन्यातल्या ठरलेल्या तीन दिवशी आणि सणावारी तिनं चुलीवर हार घालावा आणि घरच्या देवाची प्रार्थना करावी. पेरणी, खत, गुरांची औषधं सांगता सांगता तो हेही सांगून जातो. देव हा त्याच्या लेखी घरकामातलाच एक भाग होता.

घरातले देव घरातच थांबत नसत. चार रस्ते जिथे मिळतात तिथेही लारेसांचं ठाणं असे. रोम शहरात अशी २६५ ठिकाणं असल्याची नोंद प्लिनीनं केली आहे. रोमन नवरी सासरी येताना तीन नाणी आणी. एक नवऱ्याला, एक चुलीजवळच्या लारेसना आणि एक चव्हाट्यावरच्या लारेसना. घरची देवता आणि वाटेवरची देवता, दोघींशी ओळख करून घेतल्याखेरीज नवा संसार सुरू होत नसे. बांधावरच्या म्हसोबाला आणि वेशीवरच्या मारुतीला नारळ फोडून मग घरात शिरणाऱ्या आपल्या वरातींना यात नवल वाटायचं कारण नाही.

ग्रीसमध्ये तर देव्हारा हा नागरिकत्वाचा पुरावा होता. अथेन्समध्ये आर्कन, म्हणजे वरिष्ठ अधिकारी, नेमताना काही प्रश्न विचारीत. बाप कोण, आजा कोण, आईबापांना नीट वागवतोस ना, कर भरतोस ना. त्यातच एक प्रश्न असे, की तुझ्या अंगणातला झ्यूस आणि तुझ्या पूर्वजांचा अपोलो यांची ठाणी कुठे आहेत? कोठीच्या खोलीत आणखी एक झ्यूस असे, तोही मूर्तीरूपात नसे. झाकणाचं एक भांडं, त्याच्या कानांना पांढरी लोकर गुंडाळलेली, आत स्वच्छ पाणी, तेल आणि तऱ्हेतऱ्हेची फळं. हे वाचताना मला आईनं मांडलेला कलश आठवला.

असा हा घरगुती धर्म. याला शास्ता नव्हता, मठ नव्हता, फौज तर नव्हतीच. तरीही एक दिवस साम्राज्याला त्याची दखल घ्यावी लागली. ८ नोव्हेंबर ३९२ रोजी रोमन सम्राट थिओडोसियसनं एक कायदा काढला. मोठ्या देवळांवरचे निर्बंध त्याआधीच आले होते. या कायद्यानं उंबरठा ओलांडला. लारेसपुढे दिवा लावायचा नाही, जीनियसला मद्य वाहायचं नाही, पेनातेसना धूप दाखवायचा नाही, हार टांगायचे नाहीत. घराबाहेरही तीच गत. झाडाला पट्टे बांधायचे नाहीत, मातीची ढेकळं रचून वेदी करायची नाही. जो मूर्तीला धूप घालील, झाड बांधील किंवा ढेकळांची वेदी रचील, त्याचं ते घर किंवा ती जमीन जप्त. दुसऱ्याच्या घरात किंवा शेतात धन्याला न सांगता बळी देणाऱ्याला पंचवीस पौंड सोनं दंड, म्हणजे आपले सुमारे आठ किलो.

एका ढेकळांच्या वेदीसाठी अख्खं घर! हा कायदा मी प्रथम वाचला तेव्हा मला त्याच्या कठोरपणापेक्षा त्यातल्या तपशिलाचं आश्चर्य वाटलं. बंदी घालणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं, की देवळं बंद झाल्यानं काम भागत नाही. चुलीजवळचा दिवा विझायला हवा.

हे दूरच्या रोममध्येच घडलं असं नाही. आपल्या गोव्यात पोर्तुगीज राजवटीनं १५६० च्या दशकात देवळं पाडली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे नेण्यात आली. आज मंगेशी आणि कवळे इथं आपण दर्शन घेतो ते या स्थलांतरामुळे. पुढे १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशननं धर्मांतरितांसाठी जो हुकूम काढला, त्यात खाण्यापिण्याच्या, लग्नाच्या, पोशाखाच्या जुन्या रीती मोडायला सांगितल्या, आणि घरापुढच्या तुळशीलाही मनाई केली. तिथंही हुकूम लिहिणाऱ्याला नेमकं कुठं बघायचं ते माहीत होतं. गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांपुढे आज चौथऱ्यावर उभा केलेला क्रूस दिसतो. त्या चौथऱ्याची घडण पाहून तुळशीवृंदावन आठवल्याशिवाय राहत नाही.

रोमचे देव विझले ते विझलेच. निदान तसं मी शाळेत शिकवीत आलो. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत युरोपात आणि अमेरिकेत काही माणसांनी ते कोनाडे पुन्हा मांडायला घेतले. आइसलँडमध्ये १९७२ साली, स्वेनब्योर्न बेइन्टेइन्सन या मेंढपाळ कवीच्या पुढाकारानं थॉर, ओडिन या जुन्या देवांना मानणाऱ्यांची संस्था स्थापन झाली, आणि १९७३ मध्ये सरकारनं तिला मान्यता दिली. अथेन्समध्ये २००७ च्या जानेवारीत काही मंडळींनी ऑलिंपियन झ्यूसच्या देवळाच्या भग्न खांबांपाशी उघडपणे पूजा केली. २०१७ मध्ये ग्रीक सरकारनं तिथल्या प्राचीन धर्माच्या एका संस्थेला धर्म म्हणून मान्यता दिली. लिथुएनियात रोमुवा या संघटनेला संसदेनं २०१९ मध्ये नकार दिला. प्रकरण युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेलं, २०२१ मध्ये निकाल संघटनेच्या बाजूनं लागला, आणि २०२४ मध्ये संसदेनं मान्यता दिली.

या लोकांपुढची अडचण मोठी विलक्षण आहे. त्यांच्याकडे देव आहेत, पण आई नाही. म्हणजे कोनाडा कसा पुसायचा, दिवा कुठल्या बाजूला ठेवायचा, हे दाखवणारं घरात कुणी नाही. परंपरा दीड हजार वर्षांपूर्वी तुटली. मग ते ग्रंथ वाचतात, शिलालेख वाचतात, पॉम्पेईच्या भिंतींचे फोटो समोर ठेवतात. पुस्तकाच्या फळीचा एक कप्पा मोकळा करतात. त्यावर पांढरं कापड, एक दिवा, धूपदाणी, हात धुवायला पाण्याचं भांडं, नैवेद्याची वाटी. मूर्ती नसेल तर नदीतला एखादा गोटाही चालतो. ग्रीक देव मानणारे अमावास्येला घर झाडून, हेकाटी देवीच्या नावानं घास बाहेर ठेवतात. काहीजण त्याऐवजी कोठीतलं धान्य गरजूंना देतात. दुसऱ्या दिवशी नवा महिना, नवा दिवा.

बाहेरच्या ठाण्यांची गोष्ट वेगळी. परसातला एक दगड, एखादा झरा, एक जुनं झाड. इथे त्यांच्यातले जाणते एक नियम पाळतात, की मातीत जिरेल तेवढंच वाहायचं. दूध, पाणी, धान्य, फूल चालेल; मेणबत्तीची वाटी आणि नायलॉनची फीत नको. फांदीला गच्च बांधलेली फीत झाड वाढू लागलं की सालीत रुतते. झाडालाच देव मानायचं, तर त्याचा गळा आवळून कसं चालेल?

सगळंच काही गोड नाही. उत्तर युरोपच्या जुन्या देवांची चिन्हं विसाव्या शतकात वंशवाद्यांनी पळवली, आणि आजही काही टोळ्या ती मिरवतात. आइसलँडच्या संस्थेसारख्या मंडळींना आपले देव त्यांच्यापासून सोडवून घ्यावे लागतात. शिवाय पुस्तकातून मांडलेल्या पूजेत कल्पनेची भर किती आणि पुरावा किती, हा वाद त्यांच्यातच चालू असतो. मला तो वाद प्रामाणिकपणाचा वाटतो. आपल्याकडे न तुटलेली परंपरा आहे, म्हणून आपण तो प्रश्न स्वतःला विचारत नाही इतकंच.

हे सगळं वाचून झाल्यावर एके सकाळी मी पंचगंगेच्या काठी गेलो. जाताना ब्रह्मपुरीची टेकडी लागली. तिथल्या उत्खननात १९४४-४५ च्या सुमारास सातवाहन काळातल्या घरांचे अवशेष निघाले, आणि त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक कांस्यमूर्तीही. हातात मावेल एवढी. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाच्या संग्रहातला तो देव मी वर्गावर्गाला दाखवला आहे. रोमन व्यापाराचा पुरावा म्हणून. तो समुद्र ओलांडून, घाट चढून, एवढा लांब कुणीतरी जपून आणला होता, हे त्या सकाळी प्रथमच मनात आलं.

नदीकाठच्या पिंपळाच्या पारावर ढीग होता. फुटक्या काचांच्या तसबिरी, रंग उडालेले गणपती, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं निर्माल्य, एक बिनदांड्याचा बाळकृष्णाचा पाळणा. एक बाई खराट्यानं काचा गोळा करत होती. मला पाहून म्हणाली, ‘‘ठिवायचं असंल तर फुलं तेवढी ठिवा. काच नगा ठिवू. पोरांच्या पायात जात्या.’’ ते काही ठाणं नव्हतं. घरात ज्यांची जागा सरली, त्यांचा तो शेवट होता. शिक्षा करणारा कुठला कायदा नाही, जप्तीची भीती नाही, तरी देव घराबाहेर आले होते.

मी परत आलो आणि पुस्तकांच्या कपाटाचा मधला कप्पा रिकामा केला. गॅझेटिअरचे खंड खाली गेले. टाक, गणपती, शाळिग्राम माझ्याकडे आले. बाळकृष्ण भावानं नेला. जागा नाही म्हणणाऱ्याला एवढीशी जागा सापडली. अन्नपूर्णा भाचीच्या वाट्याला. लग्नात मुलीला माहेरची अन्नपूर्णा देण्याची आपली रीत आहे, म्हणजे नवा देव्हारा सुरू होतो तो तिच्यापासून. भाचीचं लग्न अजून ठरलेलं नाही, पण नोकरीसाठी ती जर्मनीला निघाली होती. मी म्हटलं, नवं घर तर मांडणारच आहेस, घेऊन जा.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी तिनं अन्नपूर्णा ठेवली होती. वर छताला धुराची सूचना देणारं यंत्र. उदबत्ती लावली आणि ते किंचाळायला लागलं, शेजारी धावत आले. आता ती बॅटरीवरचा छोटा दिवा लावते.

‘‘मामा, चालतं ना असं?’’

‘‘चालतं,’’ मी म्हटलं. ‘‘पितळ काळं पडलं की चिंचेनं घास.’’

‘‘इथे चिंच कुठली? लिंबू लावू?’’

मी माझे टाक घासतच बसलो होतो. म्हटलं, लाव.