शिष्यवृत्ती आणि उमेदवारी : मराठवाड्यातील शेतकी विद्यार्थ्याची वाट



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राज्यांविषयी, लढायांविषयी आणि संतांविषयी पुष्कळ बोलले जाते. त्या मानाने आमचा आजचा विषय लहान दिसेल. शेती शिकू इच्छिणाऱ्या मुलाला शिकताना पोटाला कोणी द्यायचे आणि शिकलेले हाताने करून पाहायला शेत कोणी द्यायचे, एवढाच तो आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शिष्यवृत्ती. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे ज्याला हल्ली इंटर्नशिप म्हणतात ते. आपल्याकडे त्याला उमेदवारी हा जुना आणि नेमका शब्द आहे. वकिलाच्या कचेरीत, सोनाराच्या पेढीवर, छापखान्यात पोरे उमेदवारी करीत. शेतीच्या बाबतीत या दोन गोष्टी आपल्या इतिहासात क्वचितच एकत्र आल्या. शिष्यवृत्ती आली तेव्हा शेत दूर राहिले. आणि उमेदवारी आली तेव्हा उमेदवारालाच गुरू ठरविले गेले. असे का झाले, आणि नांदेड-लातूरच्या मुलाला त्याची काय किंमत द्यावी लागते, हे आपण पाहू.

शेतकऱ्याच्या घरात उमेदवारीला वेगळे नाव नव्हते. बापाच्या मागे औतावर जाणारे पोर चालता चालताच शिके. वाफसा आला की नाही हे मातीचे ढेकूळ मुठीत दाबून कळते. तिफणीच्या चाड्यावर मूठ कशी सोडावी, म्हणजे बी दाटही पडत नाही आणि विरळही पडत नाही, हे पुस्तकात लिहून दाखविता येत नाही. पुष्कळ घरांत ही विद्या आईकडून लेकीकडे आली. या शाळेला फी नव्हती. तिच्यात उणीव एकच होती. बापाला जेवढे ठाऊक तेवढेच तेथे मिळे. नवी कीड आली, नवे बियाणे आले, बाजाराची रीत बदलली, की त्या शाळेचे पुस्तक संपे. पुढचे शिकायचे तर मुलाने शहरात जायचे. म्हणजे शेतातले दोन हात कमी आणि खाणावळीचा खर्च जास्त. शिष्यवृत्तीची गरज येथे सुरू होते.

ही गरज आपल्याकडे फार लवकर ओळखली गेली होती. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळेत शेतीचे मूलज्ञान द्यावे, आणि त्या धड्यांना जोडून एक लहानसे नमुन्याचे शेत असावे, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष शिकता येईल, अशी सूचना त्यात आहे. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांविषयीही लिहिले आहे. केवळ स्पर्धेने दिलेल्या शिष्यवृत्त्या कागदावर न्याय्य दिसल्या, तरी त्यांनी शिक्षण मागासलेल्या वर्गांत पसरत नाही. म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेले नाही त्यांच्यासाठी काही राखाव्यात, असे जोतीराव म्हणतात. पैसा आणि शेत, दोन्ही मागण्या एका निवेदनात आहेत. पुढचा सारा इतिहास या दोन मागण्या सुट्या करून, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी पुऱ्या केल्याचा आहे.

सुट्या केल्या म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव महाराजांनी खासेराव जाधव यांना शेतकी शिकण्यासाठी इंग्लंडातील सायरेन्सेस्टरच्या महाविद्यालयात पाठविले. हेतू उदार होता, विद्याही उत्तम मिळाली. परंतु परत आल्यावर खासेराव राज्यात सुभा झाले. श्री अरविंद घोष बडोद्यास त्यांच्या घरी राहत, म्हणून त्यांचे नाव आजही वाचनात येते. ते अधिकारी म्हणून मोठे होते यात शंका नाही. पण शेतकीच्या शिष्यवृत्तीतून महसुलाचा अंमलदार निघाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या टोकाला शेत नव्हते, कचेरी होती.

येथे कोणी म्हणेल, मुलगा कचेरीत गेला तर बिघडले काय? हा आक्षेप हलका नाही. त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. तुकडे एकत्र केल्याने शेती सुधारणार नाही. जमिनीवर जे निकामी श्रम साचले आहेत ते उद्योगांकडे वळले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याचा मुलगा शेतावरच राहावा असा आग्रह आम्ही धरत नाही. शेत सोडण्याची वाट शिक्षणाने मोकळी केली, हे चांगलेच झाले. आमचा प्रश्न उरतो तो ज्याला शेतीच करायची आहे त्याचा. त्याची वाट कोणी मोकळी केली?

ती काही अंशी करून दाखविली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुलांनी संस्थेच्या जमिनीवर राबायचे आणि त्या श्रमातून आपले शिक्षण फेडायचे. येथे शिष्यवृत्ती आणि उमेदवारी एकाच बांधावर आल्या. कुदळ धरणे हा गरिबीचा दंड न राहता शिक्षणाचा भाग झाला. ‘कमवा आणि शिका’ हे नाव पुढे विद्यापीठांनी उचलले. मात्र तेथे मुलाच्या वाट्याला बहुधा ग्रंथालयाचे, कचेरीचे आणि बागेचे काम आले.

साताऱ्यात हे घडत असताना मराठवाडा कोठे होता? नांदेड आणि लातूर हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९१८ हे साल येथे दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, उर्दू माध्यमाचे. आणि त्याच वर्षी परभणीस सरकारी प्रयोगक्षेत्र सुरू झाले. म्हणजे संशोधनाचे शेत आपल्या दारात होते. नांदेड-परभणीकडचा गावरानी कापूस नावाजलेला होता, नांदेडास उस्मानशाही गिरणी उभी होती. पीक होते, प्रयोग होते, गिरणी होती. नव्हता तो विद्यार्थी. घरी मराठी बोलणाऱ्या पोराने शाळेत उर्दू शिकायचे, आणि शेतकीची पदवी घ्यायची तर पुण्यास किंवा नागपुरास परमुलखात जाऊन इंग्रजीत शिकायचे. हैदराबादेत शेतकी महाविद्यालय निघाले ते १९४६ साली. या तीन भाषांचे आणि दोन सरहद्दींचे ओझे कोणत्या कुणब्याच्या घराला पेलणार होते?

पुढे पावले जलद पडली. १९५६ साली परभणीस कृषी महाविद्यालय आले आणि त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला. १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळाने वार्षिक उत्पन्न नऊशे रुपयांहून कमी असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ केली; ही मर्यादा पुढे बाराशेपर्यंत नेली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून होतीच. १८ मे १९७२ रोजी परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेच वर्ष दुष्काळाचे. विद्यापीठ जन्मले तेव्हा ज्यांच्यासाठी ते होते ते शेतकरी रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडत होते. त्याच विद्यापीठाच्या नांदेड येथील केंद्रातून १९८० च्या दशकात ‘नांदेड ४४’ हा संकरित कापूस निघाला आणि कोरडवाहू शेतकऱ्याने तो उचलून धरला. १९८७ साली लातूरलाही कृषी महाविद्यालय मिळाले. २०१३ साली विद्यापीठाला वसंतराव नाईकांचे नाव देण्यात आले. शाळा घरापर्यंत आली ती अशी.

शिष्यवृत्त्यांचे मात्र काय झाले, पाहा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय प्रज्ञा शिष्यवृत्ती आहे. अखिल भारतीय परीक्षेतून निवडला जाऊन जो विद्यार्थी आपले राज्य सोडून दुसऱ्या राज्याच्या कृषी विद्यापीठात जातो, त्याला ती मिळते. एका प्रांताची विद्या दुसऱ्यात मिसळावी हा हेतू चांगला आहे. परंतु परिणाम असा की, लोह्याचा किंवा औशाचा मुलगा कोइमतूरला गेला तर तिचा धनी होतो. परभणीस राहून आपल्याच काळ्या रानाचा अभ्यास करील तर होत नाही. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता जाहीर केला, तो अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. ही मदत योग्य जागी पडणारी आहे. पण तीही मुलाला वसतिगृहाच्या खोलीपर्यंत नेते. शेतापर्यंत नेत नाही.

आता उमेदवारीकडे वळू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९०८ च्या सुमारास रूफस स्टिम्सन नावाच्या शिक्षकाने एक साधी युक्ती काढली. शेतकी शाळेच्या मुलाने घरच्याच शेतात एखादे पीक आपल्या जबाबदारीवर काढायचे, त्याचा हिशेब ठेवायचा, आणि गुरुजींनी बांधावर येऊन ते तपासायचे. १९१७ साली तेथील कायद्यानेच शेतकीच्या विद्यार्थ्याला वर्षातून किमान सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष शेती करणे आवश्यक केले. आपल्याकडे त्याच १९१७ साली पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर, शेतोशेत अभ्यास करून ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठा रसायनशास्त्रज्ञ कुणब्याच्या ओट्यावर बसून विचारत होता. शिकायचे तर असे, हे त्याने दाखविले. पण तो पाठ्यक्रम झाला नाही.

पाठ्यक्रमात ही गोष्ट आली फार उशिरा. १९९० च्या दशकात रंधावा समितीच्या शिफारशीनंतर पदवीच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थ्याने गावात राहून कार्यानुभव घ्यावा असे ठरले. २०१५ साली त्याला ‘रेडी’ या नव्या योजनेत गोवले गेले आणि केंद्राने सहा महिन्यांसाठी दरमहा तीन हजार रुपयांचे विद्यावेतन ठरविले. आपल्या गावांत हे विद्यार्थी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ या नावांनी येतात. बीजप्रक्रिया करून दाखवितात, उगवणक्षमता तपासतात, बोर्डो मिश्रण बनवितात, मातीचा नमुना कसा घ्यावा ते सांगतात. हे सारे उपयोगाचे आहे. पण नाव पाहा. दूत म्हणजे निरोप घेऊन आलेला. उमेदवार शिकायला येतो. दूत सांगायला येतो. ज्याने अजून एकही हंगाम पेरणीपासून राशीपर्यंत आपल्या जबाबदारीवर पाहिलेला नाही, त्याने चाळीस पावसाळे पाहिलेल्याला सांगायचे! दोघेही सभ्य असतात, म्हणून छायाचित्र निघते आणि कार्यक्रम पार पडतो. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघते, ते तरी त्याच्या डोळ्यांदेखत निघते. तूर मात्र पौषापर्यंत रानात उभी असते. तिला घाटेअळी लागते, धुके पडते, भाव उतरतो. तोवर सत्र संपून कृषिदूत परत गेलेला असतो.

२०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तेव्हा ती सहा महिन्यांची उमेदवारी होती, आणि पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये. पण त्यासाठी जागा हवी ती नोंदणी झालेल्या आस्थापनेत. पाच एकरांचा कुशल शेतकरी ही आस्थापना नव्हे. पैसा आहे तेथे शेत नाही, हा जुनाच प्रकार नव्या कागदावर आला.

याची किंमत कोण देतो? कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ साली १.३४ हेक्टरवर आले. सव्वातीन एकरांच्या घरात पदवी घेऊन आलेला मुलगा एक हंगामही चुकवू शकत नाही. प्रयोग फसला तर घर उपाशी राहील. म्हणून तो पुस्तके घेऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतो. त्याला आळशी म्हणणे अन्याय आहे. आणि ज्या भूमिहीन घरच्या मुलीने शेतकी शिकली, तिला तर चुकायलाही जमीन नाही. लातूरचे नाव शिकवण्यांसाठी सर्वत्र झाले. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाला येथे वर्ग, वसतिगृह, मार्गदर्शन सारे एका रस्त्यावर मिळते. शेतकरी व्हायला निघालेल्या मुलासाठी तसा रस्ता या दोन्ही शहरांत कोणी बांधला नाही.

तो बांधणे केवळ सरकारचे काम आहे असे आम्हास वाटत नाही. या सभागृहात आडते आहेत, डाळमिलचे मालक आहेत, नोकरी करून गावची शेती राखणारे आहेत. नांदेड आणि लातूर ही शहरे कापसावर, तुरीवर, सोयाबीनवर उभी राहिली. प्रत्येक तालुक्यातून पाचदहा कुशल शेतकरी निवडावेत. त्यांनी एकेका विद्यार्थ्याला एक एकर रान, मृगापासून तुरीच्या राशीपर्यंत, त्याच्या नावाने आणि त्याच्या हिशेबाने करायला द्यावे. विद्यार्थ्याचा भत्ता आणि पीक बुडाले तर त्या एका एकराचा तोटा, या दोन्हींची हमी शहराने घ्यावी. शेतकऱ्यालाही गुरुदक्षिणा मिळावी, कारण तो शिकवतो आहे. भूमिहीनांच्या मुलामुलींना पहिली जागा द्यावी. शेतकरी उत्पादक कंपन्या नोंदणीकृत असतात; शासनाच्या उमेदवारीचा पैसा त्यांच्यामार्फत बांधापर्यंत नेता येईल का, याचा पाठपुरावा जाणत्यांनी करावा.

जोतीरावांनी शाळेला जोडून एक लहानसे शेत मागितले होते. त्याला एकशे चाळीस वर्षे उलटून गेली. रोहिण्या आता दूर नाहीत, आणि मृगाला तर थोडेच आठवडे उरले आहेत. यंदाच्या पेरणीला दहा विद्यार्थ्यांना दहा एकर मिळाले, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही मानू.