मालवणचा किल्ला आणि कोल्हापूरच्या जिजाबाई

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची सहा माणसे दोन दिवस मालवणला जाऊन आलो. आमच्या राधानगरी तालुक्यातून फोंडा घाट उतरला की कोकण लागते. तरी सासूबाईंनी साठी ओलांडेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. होडीत बसताना त्यांनी आमचा हात असा धरला होता, की वळ उठले!

सिंधुदुर्ग किल्ला मालवणसमोर, समुद्रातल्या कुरटे बेटावर आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचा पाया घातला. दरवाजा बुरुजांच्या आड असा लपवलेला आहे, की होडी अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे. मुलांना मात्र चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे बघायची घाई होती.

आम्ही रमलो ते विहिरींपाशी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. बाव म्हणजे विहीर. चारी बाजूंना खारे पाणी, आणि आत गोडे! पाण्यासाठी पायपीट केलेल्या बाईला त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. हे पाणी नसते, तर तट कितीही भक्कम बांधून माणसे तिथे राहिली असती का?

वाटाड्याने महाराजांचा काळ छान सांगितला आणि तिथेच थांबला. आमचा बी.ए.ला इतिहास होता, म्हणून पुढचे आम्ही सासूबाईंना सांगितले.

महाराजांनंतर पुढे हा किल्ला कोल्हापूरच्या गादीकडे आला. १७६० साली कोल्हापूरचे संभाजीराजे वारले. पोटी मूल नव्हते. त्यांच्या राणी जिजाबाईंनी दत्तक घेतला आणि तो लहान म्हणून कारभार स्वतः पाहिला. जिजाबाई म्हटले की आपल्याला शिवरायांच्या मातोश्रीच आठवतात. पण ह्या वेगळ्या, जवळजवळ शंभर वर्षांनंतरच्या. मालवणची गलबते समुद्रात इंग्रजांची जहाजे पकडत, म्हणून १७६५ साली इंग्रजांनी हल्ला करून सिंधुदुर्ग घेतला. नावसुद्धा बदलले, फोर्ट ऑगस्टस! जिजाबाईंनी बोलणी केली. १७६६ च्या जानेवारीत करार झाला, इंग्रजांना खर्चापोटी रक्कम द्यायची ठरली आणि किल्ला कोल्हापूरला परत मिळाला. १८१२ पर्यंत मालवण कोल्हापूरकडेच होते. १७७३ साली वारेपर्यंत जिजाबाईच राज्य चालवत होत्या. शाळेच्या पुस्तकात आम्ही त्यांचे नाव वाचल्याचे आठवत नाही.

सासूबाई दहीबावच्या कठड्याला टेकून ऐकत होत्या. सासरे गेले तेव्हा घरावर कर्ज होते आणि दोन एकर रान गहाण. दुसऱ्याच्या शेतात भांगलण करून, दूध घालून त्यांनी सात वर्षांत ते सोडवले. सहीला अंगठा होता, पण हिशेब तोंडपाठ. हे त्या कधी कुणाला सांगत नाहीत. गटातही नाही.

त्या म्हणाल्या, "म्हंजे देणं भागवून सोडवला म्हण की."

"होय."

"दीर-भावकीनं तरास दिला असंल."

मग त्यांनी पदर खोचला आणि तटावर चढायचे म्हणाल्या. गुडघे दुखतात म्हणून आम्ही नको म्हणत होतो. त्यांनी ऐकले नाही. नातवाचा हात धरून वर गेल्या आणि होडीवाला हाका मारीपर्यंत तिथेच उभ्या होत्या.