गोव्याचा गेंडा आणि पोळ्याचे बैल

हिंजवडीच्या संगणकनगरीला खेटून वाढलेल्या मारुंजीत आता उत्तुंग इमारती उभ्या आहेत, आणि त्यांतील एखाद्या सदनिकेच्या काचकपाटात तळाशी क्रमांक घातलेला, प्रमाणपत्रासह विकत घेतलेला चिनी मातीचा हत्ती आढळला, तर त्यात नवल मानण्याचे कारण उरलेले नाही. हा शौक सर्वस्वी परमुलखाचा, असे मात्र म्हणता येत नाही. कारण युरोपात चिनी मातीच्या ज्या पहिल्या भव्य पशुमूर्ती घडल्या, त्यांतील एकीचा मूळ जीव गोव्याच्या बंदरातूनच जहाजावर चढला होता.

गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क यास नजर केलेला गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून निघून मे महिन्यात लिस्बनला उतरला, आणि पुढे पोपकडे रवाना झाला असता इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला. तत्पूर्वीच ड्यूरर या जर्मन चित्रकाराने, जनावर स्वतः न पाहता, हाती आलेल्या वर्णनावरून त्याचे काष्ठचित्र सिद्ध केले, त्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे चढवले आणि मानेवर एक जादा शिंगही बसवले! दोन शतके लोटल्यावर, १७१० मध्ये स्थापन झालेल्या मायसेनच्या कारखान्यात, सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याच्या ड्रेस्डेन येथील जपानी प्रासादासाठी किर्शनर या शिल्पकाराने चिनी मातीचा गेंडा घडवला तो याच चित्रावरून, आणि अर्थात त्या शिंगासकट. चिनी माती भाजताना आकसते. त्यामुळे एवढ्या थोर आकाराच्या मूर्ती भट्टीत तडकत, आणि ते तडे त्यांच्या अंगावर आजही दिसतात. त्यांची संख्या मर्यादित राहिली ती राजाचे फर्मान आणि भट्टीची लहर यांमुळे. पुढे १९३५ पासून इंग्लंडच्या रॉयल वूस्टरने डोरोथी डाउटी या शिल्पकर्तीचे पक्षी मर्यादित आवृत्तीत काढले, तेव्हा दुर्मीळपणा हाही हिशेबाने ठरवून विकण्याचा माल झाला.

आपल्या कुंभाराला अशी आवृत्ती ठरवावी लागली नाही. मावळपट्ट्यातील कित्येक गावांत भाद्रपदी अमावास्येला पोळा होतो. ज्याच्या दावणीला बैल नाही तोही त्या दिवशी मातीची जोडी पाटावर मांडून पुजतो, आणि पूर्वी ती जोडी देणारा कुंभार आपले बलुते धान्यरूपाने खळ्यावर घेत असे. पूजा आटोपली की त्या बैलांचे प्रयोजन संपे. ते जपून ठेवणे शिरस्त्यात नव्हते. संग्राहक यास नासाडी म्हणेल. मला मात्र दरसाल नव्याने घडवण्याचे हे कसब क्रमांकाच्या प्रमाणपत्राहून अधिक ऐटदार वाटते.

तरीही एक जुना बैल हाती आला आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून जे उत्खनन केले, त्यात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली, झाकणाच्या मातीच्या पेटीसोबत, न भाजलेल्या मातीचा बैल आणि शिरोहीन देवी मिळाली. बैलाच्या पाठीला एक भोक आहे आणि देवीच्या पोटालाही, म्हणजे काडी घातली की ती त्याच्यावर आरूढ होते.