भुतांच्या पंगतीला कोण बसलं होतं?

मागच्या भाषणात आपण बँकेच्या कर्जाची कागदपत्रं पाहिली. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आम्ही भुताच्या मालिकांचा इतिहास सांगणार आहोत. पण रेडिओ बंद करू नका. बोलत बोलत आपण आपल्या बैठकीच्या सतरंजीपर्यंत येणार आहोत.

त्याचं असं झालं. आमच्या एका गटातल्या ताईंची लेक तालुक्याच्या कॉलेजात शिकते. तिला आणि तिच्या मैत्रिणींना भुताचं बघायचा भारी नाद. दिवाळीच्या सुट्टीत त्या चौघी ओसरीवर बसून हमरीतुमरीवर आल्या होत्या. आम्ही आत चकल्या पाडत होतो. आधी वाटलं, घरचंच काही भांडण असेल. कान देऊन ऐकलं तर वाद 'मास्टर्स ऑफ हॉरर' नावाच्या अमेरिकेतल्या मालिकेवरून होता. एक म्हणे जॉन कार्पेंटरचा भाग सगळ्यात भारी, दुसरी म्हणे जो डान्टेचा. तिसरीचं म्हणणं, मोठं नाव असलं म्हणून भाग चांगलाच असतो असं नाही. या मालिकेचे चाहते जगभर हाच वाद घालतात म्हणे.

चकल्या तळणाऱ्या काकूंनी तिथूनच विचारलं, "काय गं, एवढ्या नावांत बाईचं नाव एक पण नाही का?"

चौघी गप्प झाल्या. मग बोटांवर मोजायला लागल्या. भाग सव्वीस. बाईने दिग्दर्शित केलेला एकही नाही.

तिथून आम्ही या गोष्टीच्या मागे लागलो. मुलींनी मोबाईलवर काही भाग दाखवले, इंग्रजीचा अर्थ सांगितला. बाकीचं त्यांनी आणि आम्ही मिळून वाचलं.

ही मालिका सुरू झाली २००५ सालच्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेतल्या शोटाइम नावाच्या पैसे भरून बघायच्या वाहिनीवर. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवे कलाकार आणि नवा दिग्दर्शक, तोही भयपटात नाव कमावलेला. प्रत्येकाला साधारण तासाभराचा भाग करायचा. चित्रीकरणाला दहा दिवस. बहुतेक भाग कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात झाले. पैसा बेताचा, पण मोकळीक भरपूर. दोन वर्षांत तेरा आणि तेरा असे सव्वीस भाग तयार झाले.

पण मालिकेचं खरं मूळ एका जेवणात आहे. मिक गॅरिस नावाच्या दिग्दर्शकाने २००२ साली लॉस एंजेलिसमध्ये आपल्या धंद्यातल्या मित्रांना जेवायला बोलावलं. कार्पेंटर, डान्टे, टोबी हूपर, स्टुअर्ट गॉर्डन, गियर्मो देल तोरो असे दहा जण जमले. हॉटेलात शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. देल तोरोने थट्टेत जाहीर केलं, की भयाचे उस्ताद तुम्हाला शुभेच्छा देत आहेत. तेच नाव चिकटलं. जेवणं पुढेही होत राहिली, गप्पा रंगत गेल्या आणि त्या पंगतीतून पुढे मालिका उभी राहिली.

हे ऐकून आम्हाला आपले बचत गट आठवले. आपलंही असंच असतं ना? आधी बैठक, मग गप्पा, मग विश्वास आणि त्यातून एखादा उद्योग. पंगतीत बसलेल्यांना एकमेकांची आठवण राहते. काम निघालं की त्यांचीच नावं तोंडात येतात. जी पंगतीत नव्हती, तिला कुणी नाही म्हणत नाही. तिची आठवणच होत नाही.

आता कुणी म्हणेल, भुताच्या गोष्टी बायकांना कुठे जमतात? मैत्रिणींनो, उलट आहे. १८१६ सालच्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा तळ्याकाठी काही लेखक मंडळी एका बंगल्यात जमली होती. बाहेर सारखा पाऊस. कवी बायरनने सुचवलं, की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी. तिथे अठरा वर्षांची एक मुलगी होती. तिने लिहायला घेतलेल्या गोष्टीचं 'फ्रँकेन्स्टाइन' झालं. १८१८ मध्ये पुस्तक निघालं तेव्हा त्यावर तिचं नाव नव्हतं. अनेकांना वाटलं, हे तिच्या नवऱ्याने, कवी शेलीने लिहिलं असावं. तीच मेरी शेली. म्हणजे पंगतीत बसायला मिळालं तेव्हा बाईने काय केलं, ते जगाने पाहिलं.

टीव्हीवरही तसंच आहे. दर आठवड्याला नवी गोष्ट सांगणाऱ्या जुन्या मालिकांत हिचकॉकची मालिका फार गाजली. ती १९५५ साली सुरू झाली. पडद्यावर हिचकॉक यायचे, पण ती उभी करणाऱ्या निर्मात्यांमध्ये जोन हॅरिसन ही बाई होती. ती त्यांच्याकडे आधी सेक्रेटरी म्हणून लागली होती. पुढे १९५९ साली 'ट्वायलाइट झोन' आली. ती पाच वर्षं चालली. त्यातला 'द मास्क्स' हा १९६४ मधला भाग आयडा लुपिनो या नटीने दिग्दर्शित केला. मरणाला टेकलेला श्रीमंत म्हातारा आपल्या हावरट नातेवाइकांना मध्यरात्रीपर्यंत मुखवटे घालायला लावतो. मुखवटे काढले तर चेहरेच तसे झालेले! त्या जुन्या मालिकेतला बाईने दिग्दर्शित केलेला हा एकच भाग. तो आजही लोकांना आठवतो.

आपल्याकडे १९९३ साली झी टीव्हीवर रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' आला. तेव्हा आम्ही लहान होतो. ज्यांच्याकडे टीव्ही आणि केबल, त्यांच्या घरी गर्दी. पांघरुणातून एक डोळा बाहेर काढून बघायचं आणि रात्री परसात जायला आईला उठवायचं. सकाळी नळावर बायकांची चर्चा, काल काय झालं त्याची. या रामसेंच्या वडिलांचं फाळणीआधी कराचीत रेडिओचं दुकान होतं, म्हणून रेडिओवर त्यांची आठवण काढायला हरकत नाही. सात भावांनी कामं वाटून घेतली होती. तीही घरातल्या पुरुषांचीच पंगत. बाई होती ती पडद्यावर, किंचाळायला किंवा चेटकीण व्हायला.

'मास्टर्स ऑफ हॉरर'मध्येही बाई पडद्यावर पुष्कळ आहे. जॉन लँडिसच्या 'डिअर वुमन' या भागात एक सुंदर तरुणी पुरुषांना भुरळ घालते आणि मारते. तिच्या पायांना हरणाचे खूर असतात. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या दंतकथेवर ही गोष्ट बेतली आहे. आमच्या आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, ही तर आपली हडळ! हिचे खूर, तिचे उलटे पाय." कुठली अमेरिका आणि कुठली आपल्या विहिरीवरची हडळ, पण दोन्हीकडे सांगणं एकच. एकटी, देखणी, कुणाच्या ताब्यात नसलेली बाई दिसली की आधी तिचे पाय बघा.

याच मालिकेत डान्टेने २००६ मध्ये 'द स्क्रूफ्लाय सोल्युशन' केला. गोष्ट अशी, की जगात एक साथ येते आणि पुरुष बायकांना मारत सुटतात. ते मारणं धर्माच्या नावावर, देवाच्या नावावर चालतं. गोष्टीतली आई शेवटी पुरुषाचा वेश घेऊन जंगलात लपत फिरते. आम्ही हा भाग बघितला त्या रात्री कुणीच फारसं बोललं नाही. गुरांच्या जखमेत अंडी घालणाऱ्या माशीच्या नावावरून हे शीर्षक आलं आहे. त्या माशीचा नायनाट तिची पैदास थांबवून करतात, तोच उपाय कुणीतरी माणसांवर चालवला आहे. आता खरी गंमत ऐका. ही कथा १९७७ साली लिहिली ॲलिस शेल्डन या बाईने. तिने बरंचसं लेखन जेम्स टिपट्री या पुरुषी नावाने केलं होतं आणि कित्येक वर्षं वाचक तिला पुरुषच समजत होते. म्हणजे सव्वीस भागांच्या पंगतीत बाईची कथा होती. ताट मात्र दुसऱ्याने वाढलं.

पुढे काय झालं? चाहत्यांच्या गप्पा वाया गेल्या नाहीत. भयपट आवडणाऱ्या बायकाच विचारू लागल्या, की उस्तादांच्या यादीत आमची नावं कुठे आहेत? फेब्रुवारी २०१० पासून एका चाहतीच्या पुढाकाराने तो महिना भयकथेतल्या बायकांचा म्हणून साजरा होऊ लागला. त्याआधी २००८ मध्ये गॅरिसनेच काढलेल्या 'फिअर इटसेल्फ' या पुढच्या मालिकेत मेरी हॅरन या दिग्दर्शिकेला एक भाग मिळाला होता. २०१७ मध्ये चार गोष्टींचा 'एक्सएक्स' हा सिनेमा आला, चारही गोष्टी बायकांनी दिग्दर्शित केलेल्या. आपल्याकडे २०२० च्या पहिल्याच दिवशी 'घोस्ट स्टोरीज' आला. चार नामवंत दिग्दर्शकांत झोया अख्तर एक. तिच्या गोष्टीत अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी आहे. सुरेखा सिक्री यांनी ते काम केलं. तिला सांभाळायला आलेली नर्स आहे आणि घरात एक जीवघेणी शांतता. आजारी म्हातारीची रात्रीची पाळी जिने केली आहे, तिला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

आणि २०२२ मध्ये देल तोरोने, म्हणजे जेवणात थट्टा करून नाव देणाऱ्या त्याच माणसाने, स्वतःची आठ भागांची मालिका आणली. 'कॅबिनेट ऑफ क्युरिऑसिटीज' तिचं नाव. या वेळी आठांत तीन बायका. ॲना लिली अमीरपूरच्या भागात बँकेत काम करणारी एक साधी बाई आहे. सोबतच्या बायका तिला आपल्यात घेत नाहीत. त्यांच्या घोळक्यात जागा मिळावी म्हणून ती टीव्हीवरच्या जाहिरातीतलं क्रीम अंगाला फासत राहते. भूत नाही की हडळ नाही, पण अंगावर काटा येतो.

दुसरी गोष्ट चेटकिणीची. लव्हक्राफ्टची १९३३ सालची ही कथा 'मास्टर्स ऑफ हॉरर'मध्ये गॉर्डनने केली होती. तीच १७ वर्षांनी कॅथरीन हार्डविक या बाईने केली. मूळ कथेतली चेटकीण १६९२ साली सेलमच्या तुरुंगातून पळालेली आहे. ती कल्पनेतली, पण सेलम खरं आहे. अमेरिकेतल्या त्या गावात त्या वर्षी चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ माणसांना फासावर दिलं. त्यांतल्या १४ बायका होत्या. त्या शेजारणी होत्या, कुणाच्या आया आणि आज्या होत्या.

इथे आम्हाला आमची गोष्ट सांगायची आहे. सांगताना लाज वाटते, तरी सांगतो.

आमच्याकडच्या एका गटात एक विधवा मावशी आहेत. चार घरं सोडून एका म्हशीचं दूध आटलं आणि कुजबुज सुरू झाली, की मावशी करणी करतात. कुणी उघड बोललं नाही. फक्त बैठकीची जागा बदलली आणि मावशींना निरोप गेला नाही. एक बैठक, दोन बैठका, पाच बैठका. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहिलं जात होतं आणि दर वेळी दहा रुपये दंड. त्या पानावर तपासणीची सही आमची होती. आम्ही पाचही वेळा सही केली. विचारलं नाही.

काकूंच्या प्रश्नानंतर मुलींनी बोटं मोजली, तेव्हा आम्हाला ते पान आठवलं. सव्वीस भाग आणि शून्य बायका. पाच बैठका आणि एकच रिकामी जागा. मोजलं की दिसतं. तोवर आपण म्हणतो, ती येतच नाही, आम्ही काय करणार?

पुढच्या बैठकीला आम्ही कायदा वाचून दाखवला. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले, तो त्यांच्या खुनानंतर, २०१३ साली महाराष्ट्रात झाला. कुणी करणी करतं, भूत लावतं, मंत्राने गुरांचं दूध आटवतं असं ठरवून त्या माणसाला छळणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. गुरांच्या दुधाचा उल्लेख कायद्यातच आहे हे ऐकून खोलीत सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

मग ठराव झाला. दंडाचे पन्नास रुपये परत. दोघी जणी मावशींना घरून घेऊन आल्या. त्या दाराजवळच बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हशीचं दूध आटलं तर जनावरांच्या डॉक्टरला बोलवा गं. मला कशाला बोलावता?" काही जणी हसल्या, एक जण रडली. सगळं नीट झालं असं आम्ही म्हणणार नाही. एका घरात त्यांच्या हातचा चहा अजून घेत नाहीत. पण आता रजिस्टरमध्ये त्या हजर आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी शेळीसाठी अंतर्गत कर्जही उचललं.

तर मैत्रिणींनो, भुताच्या मालिका खुशाल बघा. घाबरा, भांडा, कुणाचा भाग भारी ते ठरवा. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या काकूंसारखं विचारायला शिका, की पंगतीला कोण बसलं आहे आणि कोण नाही. येत्या बैठकीत हजेरीचं पान उघडाल, तेव्हा सारखं गैरहजर असलेलं नाव शोधा. तिला निरोप गेला होता का, ते विचारा. आणि दंड लावायच्या आधी तिच्या घरी जाऊन या.