शिमगा, बोट आणि चाकरमानी

देवीच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. समितीने मला गावच्या जुन्या दिवसांविषयी चार शब्द लिहावयास सांगितले. मी लेखक नव्हे. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत, आणि काम तालुका कचेरीत टिपण्या लिहिण्याचे. तेव्हा वाचकांनी गोड मानून घ्यावे.

माझे आजोबा परळच्या गिरणीत होते. गावच्या माणसांनी मिळून घेतलेली एक खोली, तिथेच सर्वांच्या वळकट्या. एकाची पाळी संपली की तो झोपे, दुसरा कामावर जाई. वर्ष असे काढून ही माणसे फाल्गुनात भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढत. रत्नागिरीस बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडाव माणसांना मांडवीला आणीत. वरखाली होणाऱ्या पडावात ट्रंक आधी टाकायची की पोर आधी द्यायचे, यावरून भांडणे होत, असे आजी सांगे. 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोट रेवसच्या वाटेवर बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. ती आपल्या वाटेची बोट नव्हे, तरी त्यानंतर आजीने पडावात पाय ठेवला नाही. आजोबा मात्र बोटीनेच येत राहिले. पावसाळ्यात बोटी बंद. तेव्हा यायचे तर रेल्वेने कोल्हापूर आणि तिथून मोटारीने आंबा घाट. एवढा खर्च कोणास परवडणार? म्हणून आपल्या गावचा मोठा सण शिमगा.

एवढे हाल सोसून आलेला माणूस दोन दिवसांत परतत नसे. बिनपगारी रजा घेऊन पाडव्यापर्यंत राही. त्यामुळेच सहाणेसमोर रात्र-रात्र नमन उभे राहू शके. दोन गॅसबत्त्या, मृदंग, झांजा. गणानंतर गवळण, मग सोंगे. काळ्या वेषातला संकासुर घुंगरे वाजवीत आला की पुढे बसलेली पोरे आयांच्या पदरात शिरत. राधेचे काम पुरुषच करी. आजोबांनी ते नऊ वर्षे केले, आणि लुगडे आजीचे. मुंबईहून नवे लुगडे आले की आधी राधा नेसे, मग आजी. याबद्दल तिची तक्रार अखेरपर्यंत होती.

पुढे एस. टी. आली, बोटी बंद पडल्या. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. वडील ट्रंक घेऊन घरी आले ते कायमचे. त्या शिमग्याला नमनात माणसे भरपूर, पण बत्तीच्या रॉकेलला पैसे नव्हते, असे ते सांगत. मुंबईची वर्गणी थांबली तेव्हा नमन कोणाच्या पगारावर उभे होते ते गावाला कळले.

26 जानेवारी 1998 पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. रात्री निघालेला चाकरमानी सकाळी दारात. येणे सोपे झाले तसे जाणेही. रजा दोन दिवसांची. येथेच आपला वाद उगवला. आरक्षण तेव्हा 120 दिवस आधी उघडे, आणि पालखी कोणत्या वाडीत कधी जाणार हे ठरे फाकपंचमीला. मुंबईकर म्हणत, आम्हाला शनिवार-रविवार द्या. गावकर म्हणत, देवीच्या पालखीला वार नसतो. माझ्या मते दोघांचेही खरे होते. 2019 व 2020 साली पालखी देवळातच राहिली. शांतता राखण्याबाबत नोटिशी निघाल्या, त्या मीच टाइप केल्या. पहिले नाव माझ्या सख्ख्या चुलत्यांचे होते. त्याच संध्याकाळी त्यांच्या ओटीवर चहा प्यायलो. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही.

2021 साली करोनाचे निर्बंध. वाद घालायलाही माणसे जमली नाहीत. पुढच्या वर्षी जीर्णोद्धाराची सभा सहाणेवर बसली, तेव्हा वर्गणीच्या आधी पालखीचा विषय निघाला. घरांचा क्रम गावकरांनीच ठरवायचा, होमाच्या लगतचा शनिवार-रविवार मुंबईच्या घरांना द्यायचा आणि तारखा दिवाळीपूर्वी कळवायच्या, असे ठरले. वर्गणीची पहिली पावती चुलत्यांनी फाडली.

मंदिराला आता स्लॅब आहे, लाद्या आहेत. सहाणेसमोरही लाद्या घालण्याचे चालले होते. नमनवाल्यांनी हरकत घेतली, घामेजलेला पाय लादीवर घसरतो. ते अंगण मातीचेच ठेवले आहे. शिमग्याआधी सारवायला प्रत्येक वाडीतून दोन-दोन बायामाणसे लागतील. राधेचे एक लुगडे आजीच्या ट्रंकेत सापडले, ते समितीकडे दिले आहे. कोणाच्या माळ्यावर जुना मृदंग किंवा झांजा असल्यास आणून द्याव्यात.

चूकभूल द्यावी घ्यावी.