बीज-अनुदान (अस्थिविकार संशोधन)

हाडांच्या रोगांवर नव्याने काम सुरू करणाऱ्या संशोधकाला एखाद्या कल्पनेची प्राथमिक चाचणी घेण्यासाठी मिळणारी छोटी, अल्पमुदतीची रक्कम. मोठे अनुदान मागताना प्राथमिक निष्कर्ष दाखवावे लागतात आणि ते मिळवायलाच पैसा लागतो. ही कोंडी बीज-अनुदान फोडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची ‘आर०३’ योजना वर्षाला कमाल ५०,००० डॉलर, दोन वर्षांपर्यंत देते. अंतिम पदवी किंवा वैद्यकीय प्रशिक्षण संपून १० वर्षे झालेली नाहीत आणि मोठे अनुदान मिळालेले नाही, अशांना ही संस्था ‘प्रारंभिक टप्प्यातील संशोधक’ मानते.

अस्थिसंशोधनात वेळ फार जातो. जनुक बदललेले उंदीर पैदा करायचे, त्यांचा सांगाडा पक्व होईपर्यंत काही महिने थांबायचे, मग मांडीच्या हाडाचे सूक्ष्म सीटी स्कॅन काढून आतल्या जाळीची जाडी मोजायची. तोवर नव्या संशोधकाची फेलोशिप संपत येते.

दुर्मीळ विकारांवरील संशोधनाला पैसा पुरवण्यात रुग्णसंघटनांचा वाटा मोलाचा आहे. स्नायूंच्या जागी हाड तयार होणाऱ्या ‘एफओपी’ या रोगाची आंतरराष्ट्रीय संघटना स्वतः रुग्ण असलेल्या जीनी पीपर यांनी १९८८ मध्ये स्थापली. रुग्णकुटुंबांनी जमवलेल्या वर्गणीचा आधार लाभलेल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आयलीन शोर व फ्रेडरिक कॅपलन यांच्या गटाने २००६ मध्ये ‘एसीव्हीआर१’ हे कारक जनुक शोधले. ठिसूळ हाडांच्या विकारासाठी अमेरिकेतील ‘ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा फाउंडेशन’ डॉक्टरेटनंतरच्या संशोधकांना मायकेल गाइसमन फेलोशिप देते.